पेन ड्राइव्हवर बॅकअप आहे, पण रिस्टोअर होत नाही

प्रश्न : चिपळूणच्या बाजारपेठेत रंग आणि हार्डवेअरच्या एका घाऊक पेढीत मी सहा वर्षं हिशेब बघते. तीन संगणक, हिशेबाला टॅली प्राइम हे सॉफ्टवेअर, दिवसाला चाळीसेक बिलं. मागच्या महिन्यात मुख्य संगणक सुरूच होईना. पेन ड्राइव्हवरचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करायला, म्हणजे परत चढवायला घेतला, तो झाला नाही. त्याआधीचा एक चालला, पण तो निघाला अकरा दिवसांपूर्वीचा. नशिबाने बिघाड एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा होता. तो बदलला आणि सगळा डेटा जसाच्या तसा मिळाला. आता शेठ म्हणतात, ‘झालं ना चालू? मग कशाला डोक्याला ताप?’ मी विषय काढला की बाकीचे हसतात. शेठना कसं पटवू? नेमकं करायचं काय? उद्या डेटा गेलाच तर खापर माझ्यावर फुटेल का? आणि तंत्रज्ञ जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क टाकतो म्हणतोय, जुनी त्यालाच देऊन टाकू का?

उत्तर : ताई, शेठांसमोर ‘बॅकअप’ हा शब्द काही दिवस काढूच नका. त्याऐवजी कागदावर एक हिशेब मांडा. अकरा दिवस, रोजची चाळीस बिलं, म्हणजे ४४० नोंदी. एका नोंदीला शोधून, वाचून, टाकून चार मिनिटं धरली तर १,७६० मिनिटं होतात, म्हणजे २९ तासांहून थोडं जास्त. आठ तासांच्या दिवसाने जवळजवळ पावणेचार दिवस, तेही फोन न उचलता, नवीन बिल न करता आणि प्रत्येक बिलाची ऑफिस कॉपी सापडते असं गृहीत धरून.

आता त्याच कागदावर दुसरा रकाना काढा : काय कुठून परत मिळेल. बँकेचे व्यवहार स्टेटमेंटवरून मिळतील. खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या २बी मधून बरीचशी मिळेल, पण ते विवरण पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि पुरवठादाराने भरलेलंच त्यात दिसतं. विक्रीसाठी ‘जीएसटीआर १ आहे की’ असं कोणीतरी म्हणेल. चालू महिन्याचं विवरण अजून भरलेलंच नसतं, आणि भरल्यावरही किरकोळ गिऱ्हाइकांची विक्री तिथे बहुतांशी एकत्रित आकड्यात जाते, बिलवार नाही. ई-वे बिलं आणि ई-इनव्हॉइस पोर्टलवर सापडतील, पण ज्या मालाला ती लागली त्याचीच. मग उरतं काय? रोखीने आलेली उधारीची वसुली, मालाची मोडतोड आणि परत आलेले डबे, कोणाला कितीचा भाव तोंडी दिला ते, कोणाचा चेक पुढच्या तारखेचा घेतला ते. यातलं काहीही सरकारी पोर्टलवर नसतं. डेटा गेला म्हटल्यावर शेठांना घाम फुटणार नाही कदाचित, पण अकरा दिवसांची वसुली कोणाकडून आली ते सांगता येत नाही म्हटल्यावर नक्की फुटेल. हा कागद संध्याकाळी गल्ला मोजून झाल्यावर दाखवा, सकाळच्या गर्दीत नको.

कायद्याचा धाक शेवटी ठेवा, पण माहीत असू द्या. केंद्रीय जीएसटी नियमांतला ५७ वा नियम इलेक्ट्रॉनिक नोंदींचा योग्य बॅकअप ठेवायला सांगतो आणि पुढे जातो : अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळात माहिती परत उभी करता आली पाहिजे. म्हणजे नुसती प्रत ठेवून भागत नाही. याच कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. पेढी प्रोप्रायटरी किंवा भागीदारीची असेल तर इतकं पुरे. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर २०२२ च्या दुरुस्तीपासून संगणकावरच्या हिशेबांचा बॅकअप रोज, आणि भारतातल्याच सर्व्हरवर घ्यावा लागतो. तो भाग तुमच्या सीएंकडूनच शेठांच्या कानावर जाऊ द्या. कर्मचाऱ्याने सांगितलेला नियम आणि सीएंनी सांगितलेला नियम यांच्या वजनात फरक पडतो, काय करणार.

आता तो न झालेला रिस्टोअर. पेन ड्राइव्ह फेकू नका, आधी कारण शोधा. कारण कळल्याशिवाय नवीन डिस्क आणलीत तर तीच चूक मोठ्या डिस्कवर होईल.

पहिला संशय ड्राइव्ह घाईने उपटल्याचा. पडद्यावर ‘कॉपी झाली’ दिसलं तरी विंडोज काही वेळा शेवटचा भाग मागाहून लिहीत असतं, म्हणून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय काढायचा नाही. न झालेल्या बॅकअपच्या फाइलचा आकार चाललेल्या बॅकअपशी ताडून पाहा. अकरा दिवसांत डेटा वाढतो, कमी होत नाही. नवी फाइल जुनीपेक्षा लहान असेल तर ती अर्धवटच आहे. दुसरा संशय आवृत्तीचा : मुख्य मशीनवर टॅलीची नवी रिलीज आणि दुसऱ्यावर जुनी असेल, तर नव्यात घेतलेला बॅकअप जुन्यात उघडत नाही. अशा वेळी बॅकअप ठणठणीत असतो, फक्त दुसऱ्या मशीनवरची टॅली वर आणावी लागते. तिसरा संशय, बॅकअप घेताना बाकीच्या दोन मशीनवर कंपनी उघडी होती का. बिलं चालू असताना घेतलेल्या बॅकअपवर विसंबू नये. चौथा, टॅली व्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतल्या डेटाला घातलेल्या कुलपाचा पासवर्ड. तो विसरला तर टॅली कंपनीही डेटा उघडून देऊ शकत नाही, त्यामुळे तो आज कोणाकोणाला माहीत आहे ते बघा. आणि एक साधी गोष्ट : फॅट ३२ पद्धतीने फॉर्मॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही, ड्राइव्हवर कितीही जागा रिकामी असो. टॅलीची फाइल सहसा एवढी मोठी नसते, पण कोणी अख्खा फोल्डर झिप करून ठेवत असेल तर इथे अडतं. यातलं काहीच नसेल तर ड्राइव्हच खराब आहे असं समजा. रोज ज्याच्या त्याच्या मशीनला लागणारा, खिशात फिरणारा पेन ड्राइव्ह बॅकअपच्या लायकीचा नसतो. फाइली एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायला तो ठीक आहे.

‘मोठ्या कंपन्यांचं ठीक आहे, आपल्याला कशाला’ असं कोणी म्हणालं तर गिटलॅबचं उदाहरण द्या. ही कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचं काम सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचारच उरले होते. बॅकअपच्या वेगवेगळ्या पाच सोयी होत्या आणि वेळेला एकही धड कामाची निघाली नाही. रोजचा बॅकअप आवृत्तीच्या गोंधळामुळे होतच नव्हता, तुमच्या टॅलीबद्दलचा दुसरा संशय आहे ना, तसाच. तो होत नसल्याची सूचना देणाऱ्या मेल अडवल्या जात होत्या, म्हणून कोणाला पत्ताच नव्हता. शेवटी योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीवरून गाडी रुळावर आली. तुमच्याकडे संगणकवाल्याने ‘ऑटो बॅकअप लावून दिलाय’ म्हटलं असेल तर तो शेवटचा कधी झाला, हे आज उघडून बघा.

आता मांडणी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर, हा जुना नियम तुमच्या पेढीलाही पुरतो. पहिली प्रत म्हणजे चालू डेटा. बाकीच्यांसाठी १ टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. तुमच्या टॅलीच्या डेटाचा आकार फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बघा, एवढ्या व्यापाराला तो बहुधा फार तर काही जीबी भरेल. १ टीबीत वर्षंच्या वर्षं मावतील, मोठी डिस्क घेऊन पैसे घालवू नका. एकीवर लाल आणि दुसरीवर निळी चिकटपट्टी लावा. लाल ऑफिसात, निळी बाहेर, आणि दर शनिवारी अदलाबदल.

रोजचं काम असं : दुकान बंद होताना बाकी दोन्ही मशीनवर कंपनी बंद करायची. मुख्य मशीनवर टॅलीत ऑल्ट आणि वाय दाबून डेटा मेनूतून बॅकअप घ्यायचा. दर वेळी नवा फोल्डर, त्याला वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नाव, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. एकाच फोल्डरवर रोज बॅकअप घेतला की कालचा आजच्याखाली जाऊ शकतो, आणि डेटात बिघाड परवाच शिरला असेल तर तुमच्याकडे फक्त बिघडलेला डेटा उरतो. मागचे चौदा दिवस, मागच्या बारा महिनाअखेरी, आणि ऑडिट झाल्यावरची प्रत्येक वर्षअखेर ठेवायची. (३१ मार्च हाच दिवस जगात बॅकअप दिन म्हणून पाळतात. ज्याने तो ठरवला त्याने आपल्याकडचं हिशेबाचं ऑफिस त्या दिवशी पाहिलेलं नसावं.) मग फाइलचा आकार कालच्याशी ताडायचा, इजेक्ट करायचं, डिस्क काढून कपाटात. सगळं मिळून दहा मिनिटं.

डिस्क काढूनच ठेवायची, हा मुद्दा कोणी कितीही कंटाळा केला तरी सोडू नका. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, चालू मशीनला जोडलेली प्रत्येक डिस्क आणि नेटवर्कवरचा प्रत्येक शेअर फोल्डर शोधत जातात. कायम लावून ठेवलेली बॅकअप डिस्क पहिल्याच फेरीत जाते. लहान ऑफिसांत ते येतात प्रामुख्याने दोन वाटांनी : फुकटात उतरवलेलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, किंवा शेठांना घरून टॅली दिसावी म्हणून कोणीतरी इंटरनेटवर उघडं सोडलेलं रिमोट डेस्कटॉप. दुसरं तुमच्याकडे आहे का, हे संगणकवाल्याला थेट विचारा.

गूगल ड्राइव्हबद्दल गैरसमज फार आहे. संगणकावरचा फोल्डर ड्राइव्हशी जोडून ठेवणं म्हणजे सिंक. इथे पुसलं की तिथेही पुसतं, इथे बिघडलं की तिथे बिघडलेलंच जातं. पुसलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते, नंतर जाते. टॅलीचा चालू डेटा फोल्डर तर सिंकमध्ये कधीच टाकू नका. टॅली एकाच वेळी अनेक फाइलींत लिहिते आणि सिंक त्यातली एक आत्ताची, एक मघाची अशी उचलतं. मिळून धड काहीच नसतं. मात्र बंद झालेली बॅकअप फाइल पासवर्ड घालून झिप करून, पेढीच्या नावाच्या खात्यावर, रात्री हाताने चढवलीत तर तो उत्तम तिसरा आधार. फुकटच्या खात्यात १५ जीबी मिळतात, पण जीमेल आणि फोटोही त्यातच मोजले जातात, म्हणून या कामाचं खातं वेगळं असू द्या.

निळी डिस्क कुठे ठेवायची, हे चिपळूणला समजावून सांगण्याची गरज नसावी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातला बॅकअप एकाच पाण्यात गेला असता. शेठांचं घर बाजारपेठेतच असेल तर ते ‘बाहेर’ धरू नका. उंचावरच्या भागात राहणारा भागीदार, मुलगा किंवा सीएंचं ऑफिस बघा. कोकणातली दमट हवा लक्षात घेऊन डिस्क झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा. बाहेर जाणाऱ्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप घालता येतं, त्याला विंडोजची प्रो आवृत्ती लागते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की छापून शेठांच्या तिजोरीत ठेवा. ती हरवली तर ज्यांना आत जाऊ द्यायचं नव्हतं त्यांच्या रांगेत तुम्हीही उभ्या.

आणखी एक. टॅली परत आली म्हणजे ऑफिस परत आलं असं होत नाही. भावांच्या एक्सेल याद्या, स्कॅन केलेली बिलं, आउटलुक वापरत असाल तर त्याची मेलची फाइल (आउटलुक चालू असताना ती नीट कॉपी होत नाही, आधी बंद करा), बिलाचा नमुना बदलून घेतला असेल तर त्या बदलाची फाइल, टॅलीचा सीरियल नंबर आणि तो ज्या ईमेलवर नोंदलाय तो ईमेल, जीएसटी पोर्टलचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो नंबर. डिजिटल सहीच्या टोकनची प्रत निघत नाही, ते हरवलं तर नवंच घ्यावं लागतं, म्हणून त्याची मुदत संपण्याची तारीख लिहून ठेवा. निम्म्या ऑर्डरी शेठांच्या व्हॉट्सअॅपवर येत असतील तर त्या फोनचा बॅकअप हासुद्धा पेढीचाच विषय आहे. हे सगळं एका ‘पेढी’ नावाच्या फोल्डरखाली आणा म्हणजे काही राहून जाणार नाही.

कॉपी आपोआप व्हावी म्हणून संगणकवाला विंडोजमधली फाइली कॉपी करणारी रोबोकॉपीची आज्ञा लावून देईल. ठीक आहे, पण त्यात ‘मिरर’, म्हणजे मूळ फोल्डरची हुबेहूब नक्कल ठेवण्याचा पर्याय लावलाय का ते विचारा. मिररमध्ये मूळ फोल्डर कधी चुकून रिकामा झाला तर बॅकअपही इमानेइतबारे रिकामा होतो. शिवाय डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमधून एक ठरलेलं अक्षर द्या, एक्स म्हणा. नाहीतर कधी दुसरा पेन ड्राइव्ह आधी लागला की ई चं एफ होतं आणि आज्ञा रोज रात्री मुकाट्याने फसत राहते.

आता मूळ मुद्द्यावर. महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी म्हणा, बॅकअप परत आणून बघायचा. मुख्य मशीनवर नाही, दुसऱ्या मशीनवर किंवा सीएंच्या ऑफिसात. नवा रिकामा फोल्डर करा, टॅलीत रिस्टोअरला जा, आणि एंटर दाबण्याआधी ‘डेस्टिनेशन’च्या ओळीवर बोट ठेवून वाचा. तिथे चालू डेटाचाच मार्ग राहिला असेल तर आजचा डेटा जुन्याखाली गाडला जाईल; तपासणी करायला गेलो आणि हिशेबच घालवून बसलो, असं होतं ते इथेच. रिस्टोअर झाल्यावर कंपनी उघडली यावर समाधान मानू नका. शेवटच्या बिलाचा नंबर आणि तारीख, ट्रायल बॅलन्सची बेरीज, बँकेची शिल्लक, येणे बाकीची एकूण रक्कम, स्टॉक समरीचा आकडा, हे पाच आकडे बॅकअपच्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. एखादं स्कॅन केलेलं बिलही उघडून बघा.

पहिली तपासणी शेठांना शेजारी बसवून करा. घड्याळ लावा. सुरुवातीला दोन तास जातील, पासवर्ड सापडणार नाही, कोणीतरी कोणाला तरी फोन करेल. ते सगळं त्यांना बघू द्या. त्यानंतर तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.

खापराचं म्हणाल तर, काम कोणाचं हे लिहिलेलं नसलं की ते हिशेब बघणाऱ्याच्याच माथी बसतं. म्हणून एक साधी वही करा : तारीख, कोणी घेतला, कोणती डिस्क, फाइलचा आकार, सही. तुम्ही रजेवर असाल तेव्हा दुसरं कोण, तेही पहिल्या पानावर. डिस्कसाठीचे पैसे शेठांनी नाकारले तर वाद न घालता त्यांना चार ओळींची मेल टाका : अमुक तारखेचा बॅकअप चालला नाही, अकरा दिवसांचं काम धोक्यात होतं, दोन डिस्क आणि रोजची दहा मिनिटं लागतील, तुमचा निर्णय कळवा. धमकीचा सूर नको. आणि काळजीपोटी पेढीचा डेटा तुमच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर किंवा खासगी ईमेलवर घरी नेऊ नका. हेतू चांगला असला तरी उद्या काही वाजलं तर पहिला प्रश्न त्याचाच निघेल.

राहिली जुनी डिस्क. एसएसडी जरूर टाका, वेग वाढेल. मात्र जुनी हार्ड डिस्क खडखड करून कधी कधी आधी इशारा देते, एसएसडी बऱ्याचदा काही न सांगता एका दिवशी बसते, आणि तिच्यावरून पुसलेलं परत मिळवणं फार कठीण. म्हणजे वरचं सगळं तिच्यासोबत जास्तच लागू. जुनी डिस्क तंत्रज्ञाला देऊ नका. तिच्यावर पेढीचा अख्खा इतिहास आहे, गिऱ्हाइकांचे नंबर आणि बँकेचे तपशील आहेत. नव्यावर डेटा आल्यावर जुनीवर तारखेची चिठ्ठी लावून ती तीन महिने, निदान एक जीएसटी तिमाही जुळेपर्यंत, कपाटात ठेवा. मग ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉर्मॅट करा; १ टीबीला काही तास लागतात, रात्री लावून जा. फॉर्मॅटच होत नसेल इतकी ती बिघडली असेल, तर तुमच्याच दुकानातलं ड्रिल घेऊन आतल्या तबकडीच्या आरपार तीन-चार भोकं पाडा आणि मग भंगारात द्या.